दोष कणांच्या दिशेचा की सांध्याचा? पातळ कॅथोडचं एक प्रकरण

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. तिथे जॉन बेट्स यांच्या गटाने १९९०च्या दशकात पूर्णपणे घन, पातळ थरांची लिथियम बॅटरी उभी केली. अॅल्युमिनाच्या (अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या) पट्टीवर प्लॅटिनमसारख्या धातूचा थर, त्यावर लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा कॅथोड, म्हणजे बॅटरीचं धन टोक, त्यावर लिपॉन नावाचा काचेसारखा इलेक्ट्रोलाइट, म्हणजे लिथियमचे आयन वाहून नेणारा थर, आणि सगळ्यात वर लिथियम धातू. बॅटरीचे सगळे थर मिळून जाडी जेमतेम १५ मायक्रोमीटर. द्रव नाही, कण चिकटवणारा बाइंडर नाही, कार्बनची पूड नाही. कॅथोड म्हणजे निव्वळ ऑक्साइड.

अशा सेलमध्ये कॅथोडच्या थराचे गुणदोष लपत नाहीत. बाजारातल्या लिथियम-आयन सेलमध्ये पुडीचे लाखो कण वाट्टेल त्या दिशेने पडलेले असतात आणि द्रव सगळीकडे शिरून त्यांचे दोष झाकतो. इथे झाकायला काही नाही. म्हणून २००० साली ‘जर्नल ऑफ द इलेक्ट्रोकेमिकल सोसायटी’त आलेलं या गटाचं काम आजही मन लावून वाचण्यासारखं आहे. प्रश्न असा होता: थरातले कण कोणत्या दिशेने बसले आहेत, यावर बॅटरीचा वेग ठरतो का?

हा प्रश्न पडायला सबळ कारण होतं. लिथियम कोबाल्ट ऑक्साइडची रचना वहीसारखी असते. कोबाल्ट आणि ऑक्सिजनची पानं एकावर एक, आणि दोन पानांच्या फटीत लिथियम. लिथियम फटीतून सरकतं, पान भेदून जात नाही. वही टेबलावर आडवी ठेवली तर वरून आत जायला वाट नाही. उभी ठेवली तर सगळ्या फटी वर उघड्या. थरातही तसंच. स्फटिकातल्या प्रतलांना आकड्यांची नावं असतात आणि तळपट्टीला समांतर असलेल्या प्रतलावरून बसणीचं नाव पडतं. पानं तळपट्टीला समांतर असली तर त्या बसणीला (००३) म्हणतात. जाळीची मापं घेऊन कोन काढला (पानातलं अंतर २.८१६ अँगस्ट्रॉम, उभं अंतर १४.०५), तर (१०४) बसणीत पानं तळाशी सुमारे ५५ अंशांत तिरकी येतात आणि (१०१) बसणीत ८० अंशांत, म्हणजे जवळपास उभी. साहजिकच (१०१) आणि (१०४) चांगली, (००३) वाईट, असा सगळ्यांचा कयास होता.

काय दिसलं

७०० अंश सेल्सिअसला तापवलेल्या थरांत बसण जाडीप्रमाणे बदलते, असं त्यांना आढळलं. सुमारे १ मायक्रोमीटरहून जाड थरांत ९० टक्क्यांहून जास्त कण (१०१) आणि (१०४) बसणीचे होते. जाडी १ मायक्रोमीटरच्या खाली गेली की (००३) कणांचं प्रमाण वाढत जाई आणि ०.०५ मायक्रोमीटरला सगळेच्या सगळे कण आडवे.

यामागे ऊर्जेचा हिशेब आहे. आडव्या पानांचा पृष्ठभाग कमी ऊर्जेचा, म्हणून अगदी पातळ थर तिकडेच झुकतो. पण पानांच्या दिशेत हा पदार्थ कडक आणि पानांना काटकोनातल्या दिशेत नरम. थर तळाला चिकटून ताणला गेला की आडव्या कणांत ताणाची ऊर्जा जास्त साठते. ती जाडीसोबत वाढते, पृष्ठऊर्जा मात्र तेवढीच राहते. एका जाडीनंतर पारडं फिरतं आणि तिरके-उभे कण जिंकतात.

वायूंचं मिश्रण, दाब, थर बसण्याचा वेग, तळपट्टीला दिलेलं व्होल्टेज (बायस), हे सगळं बदलून पाहिलं. जाड थराची बसण मोठ्या प्रमाणात उलटवू शकलं ते फक्त थर टाकतानाचं तळपट्टीचं तापमान. त्याने जाड थरही (००३) कडे नेता आले.

मग बॅटरीचा वेग? इथेच या प्रकरणाची खरी गाठ आहे. उभ्या पानांच्या थरातून लिथियम जास्त वेगाने जायला हवं, पण ते पडताळून पाहता आलं नाही, असं त्यांनी सरळ लिहिलं. बहुतेक सेलचा रोध कॅथोडच्या पोटातून येत नव्हता. तो इलेक्ट्रोलाइटमधून आणि इलेक्ट्रोलाइट-कॅथोडच्या सांध्यातून येत होता. कण कसेही बसवा, मोजमापात आधी सांधाच बोलणार. संशोधनात असं कबूल करणं सोपं नसतं. हे काम त्या एका वाक्यासाठीच जास्त मोलाचं वाटतं.

हिशेब मांडून पाहू

लिथियम कोबाल्ट ऑक्साइड ४.२ व्होल्टपर्यंत चार्ज केला की त्यातलं जवळपास निम्मं लिथियम बाहेर येतं. ते ग्रॅमला १३७ मिलिअँपिअर-तास होतं. घनता घन सेंटिमीटरला ५.०५ ग्रॅम धरली तर दर चौरस सेंटिमीटरला, दर मायक्रोमीटर जाडीमागे ६९ मायक्रोअँपिअर-तास. पातळ थरावर काम करणाऱ्याने हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा. २ मायक्रोमीटरचा थर म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १ मिलिग्रॅम माल आणि १३८ मायक्रोअँपिअर-तास.

आता ओक रिजचा दुसरा निष्कर्ष घ्या. सुमारे २ मायक्रोमीटरहून जाड कॅथोडचे सेल चौरस सेंटिमीटरला ८ मिलिअँपिअर इतक्या प्रवाहावरही कमाल ऊर्जेच्या निम्म्याहून अधिक देऊ शकत होते. १३८ मायक्रोअँपिअर-तासांचा सेल ८ मिलिअँपिअरने पूर्ण रिकामा व्हायला ६२ सेकंद लागतात. म्हणजे निम्मी ऊर्जा मिनिटभराच्या आत.

लिपॉनची आयन-वाहकता सेंटिमीटरला सुमारे २ मायक्रोसीमेन्स. १ मायक्रोमीटर जाड लिपॉनचा रोध त्यावरून चौरस सेंटिमीटरला ५० ओहम निघतो. ८ मिलिअँपिअरला ४०० मिलिव्होल्ट एकटा लिपॉनच खातो. या कॅथोडचा मुख्य सपाट टप्पा ३.९ व्होल्टला आणि डिस्चार्ज ३ व्होल्टला थांबवायचा, तर हातात उरतात ०.९ व्होल्ट. त्यात ८ मिलिअँपिअर बसवायचे तर सेलचा एकूण रोध ११० ओहमच्या आसपासच राहायला हवा. लिपॉनचे ५० वजा केले की कॅथोड आणि सांधा मिळून उरले साठेक ओहम. सांधा बिघडून १५० ओहमवर गेला, तर कणांची बसण कितीही सुरेख असो, या प्रवाहावर सेल सुरू होताच ३ व्होल्टच्या थांब्याला (कटऑफला) येऊन टेकेल.

उलट बाजूनेही पाहावं. या पदार्थात लिथियमचा विसरण गुणांक (ते किती भराभर पसरतं याचं माप) चौरस सेंटिमीटर प्रति सेकंद या मापात १० चा उणे ९ वा घात ते उणे ११ वा घात अशा मोठ्या पट्ट्यात नोंदला जातो. मधला, उणे १० वा घात घेतला तर १ मायक्रोमीटर ओलांडायला १०० सेकंदांच्या घरातला वेळ लागतो आणि ५ मायक्रोमीटरला अडीच हजार सेकंद, कारण वेळ जाडीच्या वर्गात वाढतो. म्हणून बसणीचा परिणाम शोधायचा तो जाड थरात, भक्कम प्रवाहावर आणि सांधा आधी स्वच्छ करून. अर्ध्या मायक्रोमीटरच्या थरावर (००३) आणि (१०४) ची तुलना करून काढलेला निष्कर्ष बहुतेकदा सांध्याचाच असतो.

यातली आणखी एक फसगत म्हणजे जाडी बदलली की बसणही आपोआप बदलते. ‘पातळ थर हळू आणि जाड थर वेगवान’ असा उलटा निकाल आला तर तो जाडीचा की दिशेचा, हे वेगळं काढता येत नाही. जाडी तीच ठेवून तळपट्टीच्या तापमानाने बसण बदलणं, हाच त्यातला सरळ रस्ता.

थर कसा टाकतात आणि कुठे बिघडतो

साधारण कृती अशी. ऑक्साइडचं दाबून भाजलेलं टार्गेट, १३.५६ मेगाहर्ट्झचं आरएफ मॅग्नेट्रॉन स्पटरिंग (प्लाझ्मातले आयन टार्गेटवर आदळवून उडालेला माल तळपट्टीवर बसवायची पद्धत), चेंबर आधी टॉरच्या दहा लाखाव्या भागापर्यंत रिकामा करायचा, मग आर्गॉन-ऑक्सिजनचं मिश्रण (३ भागाला १ भाग हे प्रमाण बरंच वापरात आहे) आणि १० ते २० मिलिटॉर दाब. थर तासांच्या हिशेबाने चढतो. २ मायक्रोमीटरसाठी दिवस जाऊ शकतो. बाहेर आलेला थर नीट स्फटिक नसतो, बारीक कणांचा किंवा विस्कळीत असतो. मग हवेत किंवा ऑक्सिजनमध्ये ७०० अंशांना दोनेक तास.

पहिला घोळ लिथियमच्या प्रमाणाचा. टार्गेटमध्ये लिथियम आणि कोबाल्ट एकास एक असले तरी थरात तसे उतरतीलच असं नाही. प्लाझ्मातले ऋण ऑक्सिजन आयन थरावर आदळून हलकं लिथियम उडवतात, भट्टीत आणखी थोडं उडतं. म्हणून बरेच जण टार्गेटमध्येच १० टक्के लिथियम जास्त घालतात. भट्टीत त्याच मुशीत लिथियम कोबाल्ट ऑक्साइडची थोडी पूड ठेवून वर झाकण टाकणं हाही जुना, कामाचा उपाय. प्रमाण मोजायचं तर थर आम्लात विरघळवून आयसीपी (मूलद्रव्यं मोजणारी प्लाझ्मा चाचणी). झटपट तपासायचं तर रामन (लेसरच्या विखुरलेल्या प्रकाशाचा वर्णपट). चांगल्या थराच्या दोनच ठळक रेषा येतात, सेंटिमीटरला ४८५ आणि ५९५ तरंगांच्या आसपास. ६९० जवळ तिसरी उगवली की लिथियम कमी पडलं आणि कोबाल्टचा वेगळा ऑक्साइड तयार झाला. एक्सआरडीत, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासताना, तो थोडा असेल तर निसटतो, रामनमध्ये लगेच सापडतो.

दुसरा घोळ तळपट्टीचा. या ऑक्साइडचं तापून प्रसरण अंशाला दहा लाखांत १३ च्या आसपास, अॅल्युमिनाचं ७ ते ८, सिलिकॉनचं २.६. ७०० अंशांवरून थंड होताना सिलिकॉनवरच्या थरात सुमारे ०.७ टक्के ताण साठतो, अॅल्युमिनावर त्याच्या निम्म्याच्या आसपास. ठिसूळ ऑक्साइडला ०.७ टक्के फार झाले. जाड थराला तडे जातात किंवा तो सोलून निघतो. सिलिकॉनवर काम करायचंच असेल तर थर पातळ ठेवावा लागतो, पण मग क्षमता गेली, कारण क्षमता जाडीतूनच येते. शिवाय सिलिकॉनवर नायट्राइड किंवा ऑक्साइडचा अडसर नीट नसेल तर लिथियम खाली झिरपून सिलिकॉनशी जुळतं. प्लॅटिनम पकड घ्यावा म्हणून खाली टायटॅनियम देतात, तोही ७०० अंशांना प्लॅटिनमच्या कणांमधून वर सरकून ऑक्साइड बनतो. संपर्काचा रोध वाढतो, आणि दोष मात्र बिचाऱ्या कॅथोडच्या नावावर जमा होतो.

तिसरा घोळ, माझ्या मते सगळ्यात जास्त सेल याच्यापायी जातात, तो भट्टी आणि लिपॉनचा चेंबर यांच्या मधल्या वेळेतला. भट्टीतून निघालेला थर दिसायला ठणठणीत असतो. पण त्याचा पृष्ठभाग हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड पकडतो. वरच्या थरातलं लिथियम बाहेर येऊन कार्बोनेट बनतं, त्याची जागा काही प्रमाणात हायड्रोजन घेतो. मुंबईच्या जुलैत टेबलावर रात्रभर उघडा राहिलेला थर आणि थेट निर्वातात गेलेला थर एक्सआरडीत सारखेच दिसतील. सेलमध्ये दोघांच्या सांध्याचा रोध वेगळा निघेल. लिपॉन टाकण्याआधी निर्वातात थोडं तापवून घेणं आणि त्यानंतर चेंबर न उघडणं, एवढ्यानेच बरंच साधतं.

सांधा सुधारता येतो हे नंतरच्या कामांतून स्पष्ट झालं. क्योटो विद्यापीठात यासुतोशी इरियामा आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवलं की लिपॉन टाकल्यावर २०० अंशांना तापवलं की त्याचा आणि कॅथोडचा सांधा बराच मोकळा होतो, सांधा ओलांडताना लिथियमला होणारा (चार्ज ट्रान्सफरचा) रोध घटतो. तोहोकू विद्यापीठात तारो हितोसुगी यांच्या गटाने २०१५ मध्ये निर्वात न मोडता सगळे थर टाकून हाच रोध चौरस सेंटिमीटरला ८.६ ओहमपर्यंत खाली आणला. वर काढलेल्या साठ ओहमच्या अंदाजपत्रकात ८.६ म्हणजे चिल्लर. सांधा इतका स्वच्छ झाला तरच कणांची दिशा मोजायला घेण्यात अर्थ आहे.

तपासणी कोणत्या क्रमाने

सेल कमी पडतोय असं दिसलं की आधी अगदी हळू डिस्चार्ज करा, दहा तासांत रिकामा होईल इतका. क्षमता ६९ गुणिले जाडी इतकी आली तर माल बरोबर आहे, गडबड रोधाची. हळू चालवूनही कमी आली तर शंका प्रमाणावर, अर्धवट भाजणीवर किंवा तडे जाऊन तुटलेल्या भागावर. जाडी मात्र प्रोफायलोमीटरने (पृष्ठभागाची उंची मोजणाऱ्या यंत्राने) थराच्या कडेच्या पायरीवर, तीन-चार ठिकाणी मोजलेली हवी. १ मिलिग्रॅमचा थर जड तळपट्टीसकट तोलून काढलेलं वजन भरवशाचं नसतं.

त्याच हळू चक्रातून क्षमतेचा व्होल्टेजनुसार उतार काढा. ३.९ व्होल्टला उंच, टोकदार शिखर आणि पुढे ४.०६ व ४.१७ जवळ दोन छोटे उंचवटे दिसले तर भाजणी नीट झाली. हे दोन उंचवटे निम्मं लिथियम गेल्यावर उरलेलं रांगेत बसतं आणि पुन्हा विस्कटतं, त्यामुळे येतात. जाळी सुबक असल्याशिवाय ते दिसत नाहीत. सगळं मिळून एक पसरट टेकडी आली तर भट्टीचं तापमान किंवा वेळ कमी पडला.

मग इम्पिडन्स, म्हणजे वेगवेगळ्या वारंवारितेच्या प्रवाहाला होणारा रोध मोजून काढलेला आलेख. त्यात प्रत्येक थर किंवा सांधा एकेका अर्धवर्तुळासारखा दिसतो. सेल ४ व्होल्टच्या आसपास ठेवून मोजा. पूर्ण रिकाम्या अवस्थेत हा ऑक्साइड इलेक्ट्रॉनसाठी वाईट वाहक होतो आणि रोध फुगलेला दिसतो. वारंवारिता उतरवत गेलं की पहिलं अर्धवर्तुळ लिपॉनचं, त्याचं टोक एक-दोन लाख हर्ट्झच्या आसपास. हे टोक लिपॉनच्या जाडीवर अवलंबून नसतं, कारण जाडी वाढली की रोध वाढतो तितकीच धारिता घटते. म्हणजे टोक जागेवर आहे पण वर्तुळ मोठं झालं तर लिपॉन जाड बसला. टोकच सरकलं तर लिपॉनचा पदार्थ बदलला. त्यानंतरचं, हजार हर्ट्झ आणि त्याखालचं वर्तुळ सांध्याचं. काही हर्ट्झखाली ४५ अंशांत चढणारी रेषा कॅथोडमधल्या विसरणाची. लिथियम आणि लिपॉन यांचा सांधा सहसा त्रास देत नाही.

खात्री करायची तर त्याच भट्टीतून निघालेले १, २ आणि ४ मायक्रोमीटरचे तीन कॅथोड घ्या. मधलं वर्तुळ तिन्हींत सारखं राहिलं तर ते सांध्याचं, जाडीसोबत वाढलं तर थराच्या पोटातलं. यात १ मायक्रोमीटरचा नमुना बसणीच्या उंबरठ्यावर असतो, म्हणून त्याची एक्सआरडी वेगळी काढून ठेवावी.

एक्सआरडी शेवटी, आणि तीही जपून. तांब्याच्या क्ष-किरणांत (००३) १८.९ अंशांना, (१०१) ३७.४ ला, (१०४) ४५.२ ला. शिखरांची उंची थेट तुलनेला घेतली तर (००३) असतो त्याहून जास्त वाटतो, कारण पुडीतही तो सगळ्यात जोरदार असतो. प्रत्येक शिखराला पुडीतल्या त्याच शिखराच्या तीव्रतेने भागल्याशिवाय टक्केवारी काढू नये. त्यात प्लॅटिनम मध्ये येतो. त्याचं ३९.८ चं शिखर कॅथोडच्या (००६) आणि (०१२) च्या शेजारीच उभं, आणि ४६.२ चं (१०४) ला जवळजवळ खेटून. नुसती प्लॅटिनमची पट्टी त्याच भट्टीत तापवून तिचा आलेख आधी काढून ठेवला की पुढचा वाद वाचतो.

सांध्यासाठी २०० अंशांचं तापवणं लिथियम चढवण्याआधीच उरकावं लागतं, कारण लिथियम १८०.५ अंशांना वितळतं. सर्किट बोर्डावर सोल्डर करताना तापमान २५० च्या घरात जातं, म्हणून बेट्स यांच्याच गटातल्या बर्न्ड न्यूडेकर यांनी २००० मध्ये लिथियमचा थर न घालताच सेल बनवला. लिपॉनवर थेट तांबं, आणि पहिल्या चार्जला कॅथोडमधलं लिथियम येऊन तांब्याखाली बसतं. अशा सेलमध्ये लिथियमचा साठा म्हणजे फक्त कॅथोड. धातूचा जादा थर नसल्याने स्पटरिंगमध्ये आणि भट्टीत उडालेलं लिथियम तिथे पहिल्याच चक्रापासून क्षमतेतून वजा झालेलं दिसतं.